रिकामं आभाळ

मंगळवार, दिवेलागणीला

डोकं अजून तापलेलंच आहे. आमच्या भागातल्या पुढाऱ्याचं, साहेबांचं, कॅलेंडर छापून आलं. माझा ब्लॅक अँड व्हाइट डोंगर, आणि त्याच्या डोक्यावर साहेबांचा रंगीत चेहरा, हात जोडलेले!

बालाघाटाच्या त्या फोटोसाठी चार दिवस केजहून पहाटे जात होतो. मुद्दाम तीन हिस्से आभाळ रिकामं ठेवलं. खाली कोपऱ्यात ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर, मुंगीएवढा. ट्रॉलीत बहिणीची स्टीलची घागर, उन्हात चमकणारा नुसता पांढरा ठिपका. नजर आभाळातून उतरून त्या ठिपक्यावर थांबावी, एवढ्यासाठीच सगळं.

डिझाइनवाल्याला जाऊन विचारलं, ट्रॅक्टर कुठाय? म्हणाला, "लई आभाळ होतं बे, रिकामंच. तिथं साहेब बसवले. मग खाली तारखांना जागा पुरंना, तेवढं कापलं."

रिकामं! यांना रिकामी जागा दिसली की चेहरा चिकटवायचा. भिंत झाली, कमान झाली, आता आभाळसुद्धा. आणि मी तरी? नाव होईल म्हणून फाइल देऊन मोकळा झालो. छापायच्या आधी एकदा बघायला काय झालं होतं मला?

आत्ता बहिणीचा फोन आला, कारखान्यावरून. "दादा, कॅलेंडर आलं का? माझी घागर दिसती का त्यात?"

दिसते म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

"मग एक धाडून दे. आमच्या पाचटाच्या कोपीत लावते, समद्यांना दावते."