दुधाच्या टेम्पोतून पाठवलेल्या गोळ्या

बारामती,
२४ फेब्रुवारी २०२६

ती. ऋषिराज दाजींना,
सृष्टीचा नमस्कार.

मी इकडं बरी आहे. वरकुट्याला आई-आप्पांचंही बरं चाललंय, डाळिंबं यंदा चांगली धरली आहेत. तुमची छकुली पायऱ्या चढायला लागली, असं अक्का सांगत होती.

मोबाईलच्या उजेडानं तुमचं डोकं ठणकतं, म्हणून कागदावर लिहितेय. अक्षर मोठं काढलंय. तरी त्रास झाला तर माधवीअक्काला वाचायला सांगा. खरं तर तिनंच वाचावं, आणि तिच्या सासऱ्यांना, आबांना, ऐकू जाईल असं वाचावं.

नोव्हेंबरात तुम्ही उसाच्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडलात. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, विश्रांती घ्या, हळूहळू कामाला लागा, दुखलं तर चार दिवस साधी गोळी. तुम्ही पाचव्या दिवशी ट्रॅक्टरवर बसलात. अक्कानं मला फोन केला आणि मी कामाला आहे त्या औषधांच्या दुकानातून जोरकस गोळ्या काटेवाडीच्या दुधाच्या टेम्पोबरोबर धाडल्या. डॉक्टरांची चिठ्ठी कुठाय, हे मला कोण विचारणार? मालक म्हणाले, "घरचंच हाय की." अक्का म्हणाली, "तुझ्या गोळीनंच ह्यांना उभं केलंय बघ." मला किती बरं वाटलं होतं!

मग रोजच धाडत राहिले.

दाजी, मेंदूला बसलेला असा मुका मार भरून काढणारी गोळी अजून निघालेली नाही. गोळी फक्त दुखणं दाबते. आणि ती रोज, महिनोन्‌महिने घेतली, तर तिच्यामुळंच डोकं दुखायला लागतं. हे माझ्या अभ्यासाच्या पुस्तकात होतं. परीक्षेपुरतं वाचलं आणि विसरले.

संक्रांतीच्या आठवड्यात ते पान पुन्हा समोर आलं. तेव्हापासून मला माहीत आहे. सांगायला फोन उचलला, तर पलीकडून आबांचाच आवाज आला, "खोक न्हाय, टाका न्हाय, अन् डोकं कसलं दुखतंय? उसाला पाणी धरायचं म्हटलं की ह्याचं डोकं उठतंय! व्हय गं, तू शिकलीयास, तूच सांग!" मागं अक्काही काहीतरी पुटपुटली.

मी हसले. एवढंच केलं. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून आणखी दोन पाकिटं आली असतील तुम्हाला. घरात शिकलेली मी एकटी, आणि चुकले म्हणायला दीड महिना जीभ उचलली नाही. त्या दीड महिन्यात तुम्ही घरच्यांची बोलणी खाल्लीत.

काल डॉक्टरांना भेटून सगळं सांगितलं. ते मला चांगलंच बोलले. त्यांनी गुरुवारी सकाळी तुम्हाला बोलावलंय. गोळ्या कशा बंद करायच्या ते तेच सांगतील, मनानं काही करू नका. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस डोकं आणखी दुखेल. आबा, ते नाटक नसेल. अक्का, तेव्हा काकुळतीला येऊन कुठलीही गोळी देऊ नकोस. दाजींनी मागितली तरी, मी दिली तरी.

रविवारी मी येतेय. आबांसमोर उभी राहून हेच तोंडानं सांगेन. सूर्यास्तानंतर नाही, भरदिवसा, शेजारची माणसं असतील तरी.

दाजी, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. तुम्ही लगेच म्हणाल, "जाऊ दे गं, पोर हाय." तसं म्हणू नका. काही दिवस तरी माझ्यावर रागवा.

तुमचं दुखणं खरं होतं हे जाणूनही गप्प बसलेली,
सृष्टी