मागची खोली ठेवायची की सोडायची?

४ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. फोन असताना पत्रं कसली लिहिता, असं माझ्या खोलीतली मैत्रीण विचारते. तिला म्हटलं, आमची आत्या फोनवर दोन मिनिटांत पळ काढते, पत्रात तिला पळता येत नाही.

घरमालकाने मागच्या खोलीचं भाडं वाढवलं आणि महिनाअखेर उत्तर मागितलं, हे वाचून लगेच लिहायला बसले गं. खोली सोडली की काकांचं दुरुस्तीचं काम बंद. तू पुढे नव्या खुर्च्या करत राहशील, पण काकांनी काय करायचं?

यंदा आम्हाला प्रगत व्यवस्थापन लेखाशास्त्र आहे. नावाने धडकी भरते, पण विषय भारी आहे. आलं किती, गेलं किती, एवढ्यावर भागत नाही. कुठल्या कामामुळे कुठला खर्च उपटला, त्याच्या मागे लागायचं. बाईंनी प्रत्येकाला एक चालता धंदा निवडायला सांगितलाय. मी तुमचा कारखाना घेतला, तुला न विचारता! तर आता सांग: लाकूड चिकटवायचा सरस जास्त कोण संपवतं? मागच्या खोलीत नक्की काय काय ठेवलंय? गिऱ्हाइकांशी बोलण्यात कुणाचा किती वेळ जातो? काही गाळू नकोस. काकांना नमस्कार.

तुझी,
चौकशी

१३ जुलै

चि. चौकशीस,
अ. उ. आ.

लहानपणी माझं घड्याळ उघडून बसली होतीस, तेव्हा हे नाव पडलं. आता विद्यापीठातही तेच उद्योग, चांगलं आहे!

सरस दोघंही वापरतो, पण डबा उघडा ठेवून वाळवतो तुझा काका. मागच्या खोलीत त्याचं टेबल, मोडक्या खुर्च्यांची चळत आणि (तू विचारलंस म्हणून आज धड बघितलं) निम्म्या जागेत माझ्याच फळ्या! इतकी वर्षं सगळं भाडं मी त्याच्या माथी मारत आले. बोलण्याचं म्हणशील, तर तो तोंडातून शब्द काढत नाही, माणसंच त्याच्यापाशी बसून बोलतात. परवा एक शिक्षिका डुगडुगणारी खुर्ची घेऊन आली, गप्पा मारत बसली आणि जाताना माझ्याकडे जेवणाच्या टेबलाच्या सगळ्या खुर्च्या नव्या करायला सांगून गेली.

धाकटा भाऊ नोकरी सुटून घरी बसला होता, तेव्हा हे टेबल मीच मांडून दिलं. ते उठवायचं म्हणजे जिवावर येतं गं. त्याच्याशी हा विषय काढायची हिंमतच होत नाही. पण वाढीव भाडं भरायचं, तर हिशेबाचा काहीतरी आधार हवा. काय ते लवकर कळव, आणि अभ्यासाच्या नादात जेवण चुकवू नकोस.

तुझी,
आत्या

२० जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हिशेबाच्या पहिल्या फेरीत दुरुस्ती सरळ तोट्यात निघाली. मी रडकुंडीला आले. बाईंनी कागद चाळला आणि एवढंच विचारलं, की खोली सोडली तर यातलं नक्की काय काय थांबेल?

झालं, डोक्यात चक्रं फिरायला लागली. भाडं थांबेल. पण तुझ्या फळ्यांना दुसरी जागा लागेल, तिचं भाडं सुरू होईल. काकांचा पगार थांबेल का? भावाला काय हाकलून देणार आहेस! म्हणजे जो खर्च टळणारच नाही, तो दुरुस्तीच्या नावावर लावून मी बिचारीला बदनाम करत होते. आणि त्या शिक्षिकेच्या खुर्च्या? विक्री तुझ्या नावावर पडली, पण गिऱ्हाईक काकांच्या टेबलामुळे आलं. अशी आणखी किती असतील? मला झोप येईना. नवी खुर्ची नेणारे आधी मोडकी घेऊन आले होते का, ते आठवून कळव. आजच्या आज!

तुझी,
चौकशी

२५ जुलै

चि. चौकशीस,
अ. उ. आ.

अगं, बहुतेक सगळे! आठवत गेले आणि थक्क झाले. तो माणूस तिथे मुकाट्याने खुर्च्या सांधतोय आणि माझी विक्री वाढतेय. घरमालकाला सांगून टाकलं, खोली ठेवते. हुश्श झालं.

पण एक कोडं पडलंय. आनंदाने उड्या मारत काकाला सांगायला गेले, तर त्याचा चेहरा पडला. बरं म्हणाला आणि ब्रश धुवायला निघून गेला. ब्रश स्वच्छच होता गं. मला वाटलं होतं, खूश होईल. कुठे चुकलं?

तुझी,
आत्या

२९ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापासून अस्वस्थ आहे. सरसाची चौकशी केली, फळ्यांची केली, गिऱ्हाइकांची केली. काकांना काय हवंय, हे मात्र मी विचारलंच नाही. तू विचारलं होतंस का गं कधी? नसशील तर हातातलं काम ठेवून त्यांच्यासमोर बस आणि विचार. मध्ये बोलू नकोस, त्यांना वेळ लागतो.

तुझी,
चौकशी

१९ ऑगस्ट

चि. चौकशीस,
अ. उ. आ.

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच खेप, चुकलं-माकलं पोटात घाल.

ताई समोर येऊन बसली आणि विचारलं. मी खुर्चीचा पाय कानशीने घासत राहिलो, ती मध्ये बोलली नाही. तिला ते किती जड गेलं असेल, तुला माहीतच आहे. शेवटी सांगितलं, की लोकांनी केलेल्या खुर्च्या सांधून कंटाळा आलाय, एक तरी आपल्या हाताने पहिल्यापासून करून बघायचीय. खोली जाणार म्हटल्यावर मनात कुठेतरी बरं वाटलं होतं. ताईने चिडून विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीस? म्हटलं, तू एवढ्या मायेने टेबल मांडून दिलंस, ते नको कसं म्हणू? त्यावर ती हसायला लागली आणि मग रडलीसुद्धा.

आता सकाळी दुरुस्ती ताई करते, मी पुढे नव्या खुर्चीच्या कामात असतो. ती गिऱ्हाइकांशी इतकी बोलते, की काम दुपारपर्यंत लांबतं. त्याचा खर्च कुठे लावायचा, ते तुझ्या बाईंना विचार.

काल माझी पहिली खुर्ची झाली. एक पाय किंचित आखूड निघाला. हात सवयीने कानशीकडे गेला, तर ताईने ती काढून घेतली, खुर्ची ओढून तिच्यावर बसली आणि डुलत डुलत चहा प्यायली. ही विकायची नाही, म्हणाली. आणि हिला दुरुस्तही करायचं नाही.

येशील तेव्हा तुलाही बसायला मिळेल. आमच्यावर जीव आहे तसाच राहू दे.

तुझा,
काका