माईचे श्वास

सोमवार, ४
नवी नोकरी, नवं घर आणि ही नवी वही, तिन्ही आजच सुरू. जागा झकास आहे. दुसरा मजला, दोन खोल्या, खिडकीतून समोरच्या शिंप्याचं दुकान दिसतं. माझ्या लेकीने, ठकीने, आल्या आल्या सगळ्या भिंतींवरून हात फिरवला आणि घर पास केलं. ती साडेचार वर्षांची आहे, पण मतं सासूबाईंसारखी ठाम. खाली घरमालकीण राहतात, त्यांना मावशी म्हणायचं ठरलं. मी कामावर असताना ठकी त्यांच्याकडे राहील. ती त्यांच्या कडेवर जाऊन बसली आणि माझा जीव भांड्यात पडला.

स्टुडिओ चालत दहा मिनिटांवर. आधीचा ध्वनीवाला तब्येतीचं कारण सांगून अर्ध्यात सोडून गेला, म्हणून मला बोलावणं आलं. चित्रपट २९ तारखेला लागायचा आहे. काम म्हणजे आवाज साफ करायचे आणि जिथे कमी पडतील तिथे घालायचे. चित्रपट एका बाईच्या आयुष्यावर आहे. ती घरोघरी जाऊन आजारी म्हाताऱ्यांची देखभाल करायची, आणि त्यांतल्या सात जणांना तिने तोंडावर उशी दाबून मारलं. पुढे ती तुरुंगातच वारली. दिग्दर्शक म्हणाले, खून वर्तमानपत्रांनी दाखवले, आपण माणूस दाखवायचा. मला पटलं. सहा वर्षं साबणाच्या जाहिराती साफ करून माझे कान किटले होते.

गुरुवार, ७
आज दिग्दर्शकांनी मला एक युक्ती शिकवली. खुनाच्या प्रसंगात मरणाऱ्याचा श्वास ऐकू आला, की प्रेक्षक मनाने त्याच्या पलंगावर जाऊन पडतो. आपल्याला तो बाईपाशी हवा. म्हणून सातही जणांचे श्वास काढून टाकायचे. ती धडपड, ते घशातलं घरघरणं, सगळं. माणूस हुशार आहे, मानलं.

मी दिवसभर श्वास वेचून काढत होते, भाजी निवडताना किडे काढावेत तसे. चौथी म्हातारी करणाऱ्या नटीने फार मेहनत घेतली होती. खऱ्या म्हातारीच्या नवऱ्याला भेटून तिच्या श्वासातली बारीक शिट्टीसुद्धा उचलली होती. ती शिट्टी पुसायला मला अर्धा तास लागला. पुसल्यावर म्हातारी उशीखाली नुसतं गाठोडं झाली. काम चोख झालं होतं, आणि मला त्याचा आनंदच झाला.

सोमवार, ११
आता उलट अडचण. बाकीचे गप्प झाल्यावर बाई दगडासारखी वाटायला लागली. तिचा श्वास हवा, तोही रडू दाबल्यासारखा. बाईचं काम करणारी नटी दुसऱ्या चित्रीकरणाला परदेशी गेलेली. मग मीच काचेच्या खोलीत गेले, उशी छातीशी घट्ट धरली आणि सातही खुनांसाठी श्वास घेतले. वीस मिनिटांत काम झालं.

ऐकून दिग्दर्शकांनी पुन्हा लावायला सांगितलं. संकलकाने डोळे पुसले. हीच माणसं परवापर्यंत तिला ‘ती खुनी’ म्हणत होती. मग ‘बाई’ म्हणायला लागली. आज चहाच्या वेळी सगळ्यांच्या तोंडी ‘आपली माई’ होतं. मीही म्हणाले. जीभ जड झाली नाही.

गुरुवार, १४
जिन्यात धाप लागून दोनदा थांबावं लागलं. ठकी वरून हसत होती. डॉक्टरांनी छाती तपासली, फुप्फुसं उत्तम आहेत म्हणाले, जरा झोपत जा.

दिग्दर्शकांना आणखी एक हवंय. पहिला खून झाला की लगेच माई लहान दिसते, पाच वर्षांची, बापाचा मार खाऊन जमिनीवर झोपलेली. त्या झोपेला खऱ्या मुलीचा श्वास पाहिजे. तुमची लेक आहे ना, असं त्यांनी अगदी सहज विचारलं. मी नाही म्हणाले. मग ते म्हणाले, सुरुवातीलाच पडद्यावर तुमचं नाव एकटं येईल, बाकीच्या गर्दीत नाही.

शनिवार, १६
दुपारी ठकी झोपली तेव्हा नाकाशी माइक धरला. चाळीस सेकंद घेतले. ती हलली पण जागी झाली नाही. नुसता श्वास तर आहे. त्याने कुणाचं काय जाणार?

बुधवार, २०
दुपारी तीनला निवडक लोकांसाठी खेळ होता. पहिल्या खुनाला माझा श्वास अडकला. खोकला नाही, ठसका नाही, छाती नुसती बंद. प्रसंग संपला तेव्हा मोकळी झाली. दुसऱ्या खुनाला पुन्हा. सातही वेळा तसंच. आजूबाजूला लोक हुंदके देत होते, माईसाठी.

बाहेर एक म्हातारे गृहस्थ माझ्यापाशी आले. चौथ्या म्हातारीचे यजमान. आवाजाचं काम तुम्हीच केलंत ना, म्हणाले. नटीने बायकोची शिट्टी हुबेहूब काढली होती, ती ऐकायला ते दोन बस बदलून आले होते. मी म्हणाले, तांत्रिक कारणाने राहून गेलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, “माझी बायको सुरुवातीपासून मेलेलीच होती का हो?”

तेवढ्यात दिग्दर्शकांनी हाक मारली, मी सुटले. त्या हाकेचे मी मनातल्या मनात आभार मानले, हेही लिहून ठेवते.

घरी आले तर मावशी दारातच उभ्या. ठकी दुपारी झोपेत एकाएकी निपचित पडली, ओठ निळे झाले, आणि मग आपोआप ठीक झाली. किती वाजता, मी विचारलं. पावणेचारच्या आसपास, त्या म्हणाल्या. त्याच वेळी पडद्यावर लहान माई झोपली होती.

गुरुवार, २१
खात्री करून घेतली. घ्यायला नको होती.

ठकी झोपलेली. लॅपटॉपवर तो तुकडा लावला. तिची छाती थांबली. बंद केला, चालू झाली. पुन्हा लावला –
दोनदा केलं. मी आई आहे आणि मी दोनदा केलं.

शुक्रवार, २२
दिग्दर्शकांचे पाय धरले. ते रागावले नाहीत. मला उठवून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. लोक नेमके तिथेच माईला माफ करतात, म्हणाले, तो श्वास काढला तर ती पुन्हा खुनीच उरेल. आणि प्रती तर गेल्याही. साडेतीनशे पडदे. “आपण सगळ्यांनीच तिला थोडं थोडं दिलंय,” म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

घरचा तुकडा पुसायला बसले. मी पुसते ते कायमचं जातं, सात जणांचं गेलं तसं. बोट ठेवलं आणि उचललं. हिंमत झाली नाही.

सोमवार, २५
इस्पितळात नेलं. मुलगी ठणठणीत आहे. बालरोगतज्ज्ञ माझ्याकडेच बघत होते, आजारी मी असल्यासारखे. प्राणवायूची नळकांडी भाड्याने आणली. पण छाती ओढतच नाही तर हवा आत जाणार कशी?

बुधवार, २७
जाहिरात लागली. मागणी फार आहे, खेळ वाढवलेत. चौकात माईचा केवढा मोठा चेहरा, डोळे ओले. खाली दोन बायका उभ्या. एक म्हणाली, बिचारी.

गुरुवार, २८
चित्रपटगृहं आज प्रत तपासतायत. सकाळपासून ठकी पाच वेळा – आता सहा.
ती घाबरत नाही. मला म्हणते, आई, हवा कुठे गेली. मी सांगते, येईल.

वेळा लिहून काढल्या. चाळिसाव्या मिनिटाला पहिला खून, माझा श्वास. एकेचाळिसाव्याला ठकीचा. तिचा थांबला की मी तोंडाने देईन. शिकून घेतलंय. पण माझा तर त्याआधीच –
एका पडद्यावर जमेल. दोन पडदे मागेपुढे झाले तर –

शुक्रवार, २९
११.५० – मावशींना सांगितलं सगळं. वेडी समजल्या. तरी आल्या. ठकी मांडीवर.

१२.४० – छाती बंद. लिहिता येतंय.
१२.४१ – तिचीही. ओठ – चाळीस सेकंद. आली. आली परत.

१२.४६ – दुसरं चित्रपटगृह. परत आली.

१२.५१ – तीन-चार ठिकाणी लागोपाठ. तिच्या तोंडाला तोंड लावलं. फुंकायला माझ्यात काहीच नव्हतं. मावशी फुंकतायत, आत जात नाही –

१.०४ – फोनवर दिग्दर्शक. लोक उभे राहून रडतायत. संध्याकाळी आणखी शंभर खेळ. तुमचं नाव आलं तेव्हा टाळ्या –

१.११ – पाच मिनिटं झाली घरचा तुकडा पुसायचं ठरवून. पुसू का? इथला पुसला तर तिकडचे थांबतील, की ठकीच –

१.१३ – दोन खेळांमधली जागा संपली. एक सुटत नाही तोच पुढचा. ठकीने माझा गाल धरलाय. बोटं गार. माझीही –

मावशी दार उघडून ओरडतायत रस्त्यावर. समोरचा शिंपी धावत –

ठकी, इकडे बघ, मी आहे, हे चाळीस सेकंद संपले की तू लगेच –