पाव आटा सैल

९ एप्रिल

शेवटी आलाच! ताईला भर दुपारी हमरस्त्यावर गाडीतून उतरवलं, काच वर केली आणि निघून गेला – तो हा माझा दाजी. कारण काय, तर ताईने त्याच्या आईला उलट उत्तर दिलं. पायाला फोड येईस्तोवर चालत ताई आमच्याकडे पोचली. महिना होत आला, साधा फोन नाही. आणि आज दात काढत आमच्या गॅरेजात हजर – “अगं, गाडीचा एसी गार करत नाहीये. घरचं माणूस असताना बाहेर कशाला जायचं?”

घरचं माणूस! दिला गॅस भरून. थंडगार. फक्त वॉल्व्हची पिन पाव आटा सैल ठेवली आणि झाकणातली रबरी चकती खिशात घातली. सावकाश सुटेल गॅस. बस म्हणावं आता काच वर करून.

१० एप्रिल

झोप छान लागली.

१७ एप्रिल

आला! शर्ट पाठीला चिकटलेला. “गॅस संपला वाटतं गं.”

म्हटलं, “पेट्रोलसारखा संपत नसतो तो, दाजी. नळ्यांतून नुसता फिरत राहतो. गेला म्हणजे कुठंतरी गळतोय.”

“मग शोध की!”

शोधते ना. त्याला बाहेर पत्र्याखालच्या बाकावर बसवला, आणि जे सांधे धड होते त्यांनाच साबणाचा फेस लावत राहिले. एक बुडबुडा नाही – येणार कुठून! दुपार टळेपर्यंत तापवला त्याला.

नेमकी ताई माझा डबा घेऊन आली. त्याला बघून दारातच थबकली. मग पाणी नेऊन दिलं! घरी आल्यावर मी भडकले, तर म्हणाली, “तहान लागली होती त्यांना.” एवढंच. भोळी आहे. तिच्या वाटचा रागही मलाच करावा लागतो.

२५ एप्रिल

पुन्हा आला. त्याची आई म्हणे मागच्या सीटवरून सारखी बोलते – “भट्टीत घालून मारतोस का मला!” ऐकून इतकं बरं वाटलं! चेहरा पाडून म्हटलं, “काय करणार दाजी, नव्या गाड्यांचे भागच तकलादू.” पुन्हा गॅस भरला, पुन्हा पाव आटा सैल. हात जरासुद्धा कचरला नाही. ताईपुढे हात जोडून माफी मागेल, तेव्हाच आवळीन ती पिन. तोवर उकडून काढणार आहे याला.

डबा देऊन ताई लगेच गेली नाही. ऊन फार आहे म्हणे. बाहेरच बाकावर टेकली.

२ मे

परत तेच! आता तर गयावया करतो. मी मुद्दाम हळूहळू काम केलं. ताईने डबा वेळेआधीच आणला, नेहमीपेक्षा जडही होता. माझी किती काळजी करते बिचारी.

९ मे

ताई गेली. त्याच्याबरोबर. बॅग मागे, ती पुढे, चारही काचा खाली. विचारलं, “माफी तरी मागितली का त्यांनी?”

“आता तेच ते काय उगाळायचं!” मग खिडकीतून माझा हात धरला. “बरं झालं बाई, एसी सारखा बिघडत होता. नाहीतर मी त्यांचं तोंडसुद्धा बघितलं नसतं.”