छाती क्लिअर आहे

३ मार्च, मंगळवार

नोकरी लागली. मावशीला सांगितलं तर म्हणाली, आजारी पडायचे पैसे देणारं जगाच्या पाठीवरचं पहिलं दुकान तुलाच बरं सापडलं. काम खरंच तसलं आहे. मेडिकल कॉलेजात खोटा पेशंट व्हायचं. दुखणं पाठ करून कॉटवर बसायचं, विद्यार्थी एकेक करून येणार आणि ओळखणार. आठ मिनिटं झाली की घंटा, मग पुढचा गडी.

माझी खोली सहा नंबरची. कॉट, हिरवा पडदा, बेसिन, आणि एका भिंतीला मोठी काच. परीक्षक तिच्यामागून आम्हाला बघतात, आम्हाला मात्र त्यात आमचंच थोबाड दिसतं. आज पोटदुखी होती. अशी काही कळवळले की एक मुलगा तपासायचं सोडून पाणी आणायला धावला. समन्वयक बाई हसून म्हणाल्या, एवढंही नको. त्यांना काय माहीत, अठरा वर्षं रंगमंचावर काढलीत मी. गेल्या वर्षी घशात नळी घातली तेव्हापासून आवाज फाटला आणि नाटक सुटलं. इथे फाटका आवाज उलट शोभून दिसतो. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

५ मार्च, गुरुवार

काचेमागे मुख्य परीक्षक कोण बसतो ते आज कळलं. अठ्ठ्याण्णव. हे नाव मावशीनं ठेवलेलं. शेजारच्या इमारतीतल्या इमर्जन्सीचा तो प्रमुख. गेल्या वर्षी तीनदा गेले होते त्याच्याकडे. हनुवटीखाली खाज, जांभयांवर जांभया, पाठीत दोन फऱ्यांच्या मधोमध दुखणं, आणि श्वास आत जातो पण पुरत नाही. दमा म्हटला की छातीत शिट्टी वाजायला हवी, माझ्या वाजत नव्हती. त्यानं बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, अठ्ठ्याण्णव आकडा आला, आणि म्हणाला छाती क्लिअर आहे, काही झालेलं नाही तुम्हाला, नाटकातल्या बायकांना सवय असते. तिसऱ्यांदा घरी पाठवलं तेव्हा जिन्यातच पडले. शुद्धीवर आले तेव्हा घशात नळी होती. दमाच होता, शिट्टी न वाजणारा. पहिल्या दिवसापासून माझं खरं मानणारी एकटी मावशी.

आज तो जिन्यात समोरून आला. ओळखलंसुद्धा नाही मेल्यानं. नमस्कार करून पुढे गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

समन्वयक बाईंना सांगितलं, मला नवीन दुखणं द्या, माझं स्वतःचं. बघू दे त्याला काचेतून.

१० मार्च, मंगळवार

आज माझंच दुखणं वठवलं. वठवायला कशाला हवं, अंगात आहेच ते. बारा विद्यार्थी आले. अकरा जणांनी अजून काय होतं, कधीपासून होतं, असं विचारत खोदून खोदून माहिती काढली. बारावी चष्मेवाली मुलगी. तिनं छातीवर स्टेथोस्कोप टेकवला, बोटाला चिमटा लावला आणि गोड आवाजात सांगितलं की काही झालेलं नाही तुम्हाला, टेन्शन आहे. शब्द न् शब्द अठ्ठ्याण्णवचा. गुरू तसा चेला. काचेमागे तो मान डोलवत असणार. मनातल्या मनात म्हटलं, तुम्हालाच होऊ दे एकदा, म्हणजे कळेल.

घंटा व्हायच्या आत त्या पोरीनं तीन जांभया दिल्या. निघताना हनुवटीखाली खाजवत होती. जांभई लागट असते, मी हसले.

घरी चार जिने न थांबता चढले. वर्षभरात पहिल्यांदा.

१३ मार्च, शुक्रवार

चष्मेवाली काल इमर्जन्सीत जाऊन आली म्हणे. समन्वयक बाईंनी चहाच्या वेळी सांगितलं. तिथल्या ज्युनियर डॉक्टरनं आकडा पाहिला, काही नाही म्हणाला, घरी पाठवली. आज पोरगी ठणठणीत, व्हरांड्यात खिदळत होती. आणि तो ज्युनियर सकाळपासून जांभया देतोय, पाठ भिंतीला घासतोय. बाई म्हणाल्या, ड्यूट्या जास्त लावतात बिचाऱ्यांना.

मी चहा तसाच ठेवला.

दम्याचा पंप चार दिवस घेतलेला नाही. गरजच पडली नाही. आवाजही सुटतोय. सकाळी न्हाणीघरात जुनं स्वगत म्हटलं, वरची पट्टी लागली. मावशी दाराबाहेर उभी राहून रडली.

१७ मार्च, मंगळवार

ज्युनियर काल आपल्या साहेबाकडे गेला. साहेब म्हणजे अठ्ठ्याण्णव. त्यानं काय सांगितलं असेल ते मला विचारायची गरज नाही. ज्युनियर आज बरा आहे.

आज काचेमागून जांभई ऐकू आली. काच जाड आहे, तरी आली. एक. मग दुसरी. मग मोजायचं सोडलं.

एकेक पायरी चढत माझं दुखणं बरोब्बर त्याच्या दारात पोचलं. आता तिथेच राहणार. भीती वाटते. खोटं कशाला लिहू, त्याहून जास्त आनंद होतो.

२० मार्च, शुक्रवार

दोन दिवस कामावर नाही तो. कुणाला सांगत नाही म्हणे. सगळ्यांत वरचा, आपल्याच पोरांपुढे बोट कसं पुढे करणार.

जुन्या नाटक कंपनीचा फोन आला होता. आवाज ऐकून मॅनेजर थक्क. पुढच्या महिन्यात तालीम.

जांभया दे. दे अजून.

२२ मार्च, रविवार, दुपार

तो आला होता. इथे, घरी. पत्ता समन्वयक बाईंकडून घेतला. मावशी बाजारात गेलेली. दारातल्या खुर्चीत बसला, ओठ निळसर, हनुवटी खाजवून सोललेली. एकेक शब्द तोडत म्हणाला की तुम्ही वठवता ते हेच, तुम्हाला नक्की माहीत आहे हे काय आहे, एवढंच सांगा की हे खरं आहे.

मी विचारलं, मी आठवते का. म्हणाला, इतके पेशंट येतात, नाही आठवत.

आठवते म्हणाला असता तर — नाही. माहीत नाही.

मी त्याचं बोट धरलं, नखाकडे पाहिलं. आणि माझ्या जुन्या, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात सांगितलं, छाती क्लिअर आहे. काही झालेलं नाही तुम्हाला. घरी जा.

त्यानं एक लांब श्वास घेतला. आत, आत, अगदी पोटापर्यंत. उठला. गालांवर रंग आला होता. आभार मानले आणि जिना दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

तेव्हा कळलं मी काय केलं. जो नाही म्हणेल त्याला लागतं. मुलगी नाही म्हणाली. ज्युनियर नाही म्हणाला. तो नाही म्हणाला.

आता मी.

जांभई —

तीन वाजून दहा

पंप रिकामा. खडखडतो नुसता. घरात दुसरा नाही, लागतच नव्हता ना. पाठीत — तिथेच, मधोमध.

मावशीला फोन लावला. म्हटलं, श्वास पुरत नाही, लवकर ये, पंप आण. ती हसायला लागली. म्हणाली, असल्या खणखणीत आवाजात दम लागल्याचं सांगतेस, बाई, तालीम कंपनीत कर, माझ्यावर नको. काही झालेलं नाही तुला.

म्हटलं, मावशी, असं म्हणू नकोस, हे शब्द —

छाती सुटली. एकदम. हवा आली.

आणि फोनमध्ये मावशीनं जांभई दिली. म्हणाली, उन्हाचं होतं असं. हनुवटीखाली काय चावलं कोण जाणे. ठेवते.

तीन वाजून वीस

फोन लागत नाही. एकाहत्तर वर्षांची आहे ती. बाजारात एकटी. वाटेवर पहिला दवाखाना अठ्ठ्याण्णवचाच, पण तिचं तिथे कोण ऐकणार —  नाही, नाही म्हणू देत, कुणीतरी नाही म्हणा तिला, मी म्हटलं तर परत माझ्यावरच. पण ती कुणाला सांगणारच नाही. तिनं आयुष्यात कधी स्वतःचं दुखणं सांगितलंय?

चप्पल घातली. फोन कानाला आहे. वाजतोय.

मावशी, खरं आहे गं, तुझं सगळं खरं आहे —

उचलला. बोलत नाही. नुसत्या जांभया, एकामागून एक —