रिकाम्या पारड्याचं वजन

३ मार्च
आलो एकदाचे! प्रयोगशाळेच्या मागेच राहायला दोन खोल्या, खिडकीत भरपूर ऊन. बायकोला सातवा महिना. तिने खुर्चीत बसून फर्मानं सोडली आणि मी सामान लावलं. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे मॅडमच म्हणतात. बाई कडक वाटल्या, पण पहिलंच काम मजेचं दिलं. काचेच्या पेटीतला जुना वजनकाटा कॉम्प्युटरला जोडायचा, म्हणजे आकडे हाताने उतरवायला नकोत.

५ मार्च
काटा आणि कॉम्प्युटर रुसलेल्या जावांसारखे! केबल नीट, पोर्ट बरोबर, तरी स्क्रीनवर नुसता कचरा. शेवटी चूक माझीच निघाली: काटा एका वेगाने बोलत होता, कॉम्प्युटर दुसऱ्याच वेगाने ऐकत होता. वेग जुळवला आणि आकडे धडाधड यायला लागले. मॅडम चक्क हसल्या. फक्त एक झालं, पारडं रिकामं असताना तीस ग्रॅम दिसत होते. कॉम्प्युटरवरून शून्याचा हुकूम पाठवला, तसा काटा मुकाट शून्यावर आला.

८ मार्च
रिकाम्या पारड्यावर रोज तेच तीस ग्रॅम. पारडं पुसलं, पेटी लावली, तरी वजन येतंच. रोज सकाळी कोण ही कटकट करणार? प्रोग्रॅममध्येच घालून टाकलं: रिकाम्या पारड्यावर वजन दिसलं की आपोआप शून्य. स्वतःवर जाम खूश आहे. बायको म्हणते, बाळ हल्ली फार शांत असतं, नशीब बापावर गेलं नाही.

११ मार्च
आज बायकोची सोनोग्राफी. आलो त्या आठवड्यातल्या तपासणीपेक्षा बाळ दोनशे दहा ग्रॅमनी कमी भरलं. डॉक्टर म्हणाले, असं होत नसतं, मोजण्यात फरक पडला असेल. बायकोने घरी येईपर्यंत पोटावरचा हात काढला नाही.

१२ मार्च
काट्यावरून कालपर्यंत शून्य केलेल्या सगळ्या वजनांची आज बेरीज केली. दोनशे दहा. पुन्हा केली. तेवढीच. म्हणजे मीच, रोज, माझ्याच हाताने—
प्रोग्रॅम काढून टाकला. केबल उपटली. तिला काय सांगू?

१३ मार्च
केबल टेबलावर पडलीय, तरी स्क्रीनवर आकडे येताहेत. पाचशे. आठशे. काट्यावरचं शून्याचं बटण दाबू नका म्हणून मॅडमपुढे हात जोडले. त्या म्हणाल्या, थोडे दिवस रजा घ्या. मला भीती वाटतेय. फार भीती वाटतेय.

१४ मार्च
बायकोचा फोन, दवाखान्यातून. रडत होती— पोट सपाट झालंय— डॉक्टर म्हणताहेत, आत काहीच दिसत नाही—

धावत प्रयोगशाळेत आलो. पेटी उघडली. पारड्यावर हात ठेवला. ऊब आहे. कुणीतरी माझं बोट धरलं. इवलीशी मूठ. घट्ट.

बाळ इथे आहे.

डावा हात तिथेच ठेवून लिहितोय. सोडणार नाही. कुणी येऊ दे—

आकडा उतरतोय. मी काही दाबलं नाही— केबल नाही— इथे कुणी नाही—

पकड सैल होत