आईच्या तंबूतला पाहुणा

मुलांनो, पुतण्यांनो, सबझलने सांडलेल्या मुरादच्या रक्ताचा बदला आपल्या घराण्याने अजून घेतला नाही, हा तुम्हा सर्वांचा सल आहे. तो माझाही आहे. मुराद माझा सख्खा भाऊ होता.

मी, दादकरीम वल्द शहदाद, राहणार पंजगूर, शरीर थकले तरी बुद्धी शाबूत असताना, कोणाच्या दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो.

घर व खजुराची बाग शरियतप्रमाणे वाटून घ्यावी. पुस्तकांची पेटी चुलतभाऊ पीरजानला द्यावी. भर बैठकीत तो म्हणाला होता, "दादकरीमच्या भाषणाला सरकार घाबरतं, सबझल मात्र निवांत झोपतो." आता त्याने वाचावे, न जमल्यास चूल पेटवावी.

आईचा काळ्या लोकरीचा तंबू आणि लाकडी वाडगा मुरादचा मुलगा जियंद याला देतो. का, ते त्याने ऐकावे.

पाटाच्या पाण्यावरून भांडण झाले. सबझलने मुरादला मारले आणि भर दुपारी माळावर दिसला त्या पहिल्या तंबूत तो शिरला. तंबू कोणाचा, त्याला ठाऊक नव्हते. काय घडले, हे आईला ठाऊक नव्हते. तिने याच वाडग्यातून ताक दिले आणि रिवाजाप्रमाणे म्हणाली, "हालहवाल सांग, लेकरा." असे विचारल्यावर लपवायचे नसते. त्याने सगळे सांगितले, मुरादच्या बापाच्या नावासकट.

आईने वाडगा मागे घेतला नाही. मग म्हणाली, "ताक संपव. तू माझ्या आसऱ्याला आलायस."

माग काढत मी बंदूक घेऊन पोचलो, तेव्हा ती दारात बसली होती. "आधी मला ओलांड," म्हणाली, "आणि मग मला आई म्हणू नकोस." ऊन उतरल्यावर ती सबझलच्या पुढे चालत नदीपर्यंत गेली, त्याला पलीकडे पोचवून परतली, आणि तेव्हा कुठे केस सोडून मुरादसाठी तिने हंबरडा फोडला.

मी पुष्कळ ग्रंथ वाचले, सभा गाजवल्या. त्या हंबरड्याआधीच्या तिच्या शांततेएवढे थोर मला कुठे आढळले नाही.

ज्याला हालहवाल विचारले तो पाहुणा झाला, त्याच्यावर हात उचलता येत नाही. म्हणूनच आपण सबझलच्या घराला हालहवाल विचारणे सोडून दिले. बदल्याची वाट मोकळी ठेवली. आईच्या आसऱ्याची आठवण ठेवून माझ्या दुखवट्याला सबझल येईल. जियंद, बदल्याचा पहिला हक्क तुझा, म्हणून तुलाच सांगतो: तो वाडगा ताकाने भर, त्याच्या हातात दे, आणि त्याला हालहवाल विचार.

सही: दादकरीम वल्द शहदाद
साक्षीदार: मुल्ला नोदान (सही), दिलमुराद लोहार (अंगठा)
पंजगूर, १२ मार्च १९९८